वर हात कुणाचा?

माझ्या पोरानं काय केलं ते सांगायचं तर आधी मी काय केलं ते सांगावं लागतं, आणि तिथंच माझी जीभ अडखळते. एरवी अडखळणारी जीभ नाही माझी. गावात कुणालाही विचारा.

आमचा धंदा विहिरींचा. नवी खणायची, जुनी खोल करायची, ढासळलेली बांधून काढायची. त्या वर्षी, म्हणजे लागोपाठच्या तिसऱ्या कोरड्या वर्षी, आम्हाला डोकं खाजवायला फुरसत नव्हती. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं की आमच्या दारात माणसं उभी राहतात. दुसऱ्याच्या वाईटात आपलं चांगलं व्हावं हे बरं दिसत नाही खरं, पण डॉक्टरचंही तसंच असतं आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही.

माणसं आम्ही पाच. माझे यजमान मिस्त्री. त्यांना अख्खं गाव मिस्त्रीच म्हणतं, आता मीही तेच म्हणते. ते आणि सावकाश खाली उतरून दगड फोडायचे. सावकाश म्हणजे आमच्याकडे अठरा वर्षं काम करणारा गडी. काही विचारा, आधी 'सावकाश' म्हणणार आणि मग उत्तर देणार, म्हणून ते नाव. वर यारी. यारी म्हणजे मलबा ओढायचं यंत्र: एक तिरका लोखंडी खांब, डिझेलचं इंजिन, तारेचा दोर गुंडाळणारा ड्रम आणि त्या ड्रमचा ब्रेक. ब्रेकवर मी. वर आलेली बकेट ओढून रिकामी करायला धाकटी, माझी मुलगी. आणि पाचवा राजा, माझा मुलगा, वय वर्षं एकोणीस. तो काय करायचा हे मला अजून नीट सांगता येत नाही. असायचा.

आमच्यात एक रीत आहे. खाली उतरणारा बकेटमध्ये पाय ठेवण्याआधी विचारतो, 'वर हात कुणाचा?' ब्रेकवरच्यानं 'माझा' म्हणायचं. आवाज भरवशाचा वाटला तर तो उतरतो. नाही वाटला तर नाही उतरत, आणि का म्हणून त्याला कुणी विचारायचं नाही. वर येतानाही तसंच. जीव बकेटमधल्याचा, म्हणून निवड त्याची. मिस्त्रींच्या वडिलांपासून हे चालत आलंय आणि आमच्या विहिरीत आजवर एकही माणूस दगावलेला नाही.

तर राजा. दोन मुलं जाऊन हा तिसरा. गोरा, नाकीडोळी नीटस. मी त्याला पहिल्या दिवशी राजा म्हटलं आणि मग थांबलेच नाही. शाळेत धावण्यात पहिला आला तर मी पूर्ण आळीला सांगत सुटले. पुढच्या वर्षी तिसरा आला तेव्हा तो म्हणाला, पंच आंधळा आहे. आणि मी, शहाणी, दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्या पंचाशी भांडून आले! शाळेची काच फुटली, मास्तर घरी आले. मी म्हटलं, माझा राजा असं करणार नाही. पिठाच्या गिरणीवाल्याची मोटरसायकल न विचारता नेली आणि चाक वाकवून आणली. मी म्हटलं, पोरं चालवतातच, त्यात काय एवढं. खालच्या मळ्यातल्या पंपाची केबल कुणीतरी कापून विकली. मळेवाला थेट राजाचं नाव घेऊन आला. त्याला तर मी उंबऱ्यावरूनच हाकलला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी हजार वेळा दुसऱ्यांना ऐकवली असेल.

मिस्त्री एकदाच म्हणाले होते, "अगं, पोराला एखाददा चुकू दे की."

मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा. तुम्हाला कौतुक करता येत नाही म्हणून मी दोघांच्या वाटचं करते."

त्या उन्हाळ्यात आम्ही बागवाल्या बाईंच्या विहिरीवर होतो. बाई एकट्या, चष्म्यातून वटारून बघणाऱ्या, जिभेनं माझ्या तोडीस तोड. तीनशे फळझाडं, सगळ्यांची पानं कडेनं करपलेली. विहीर साठ फुटांवर कोरडी. आणखी पंधरा फूट खोल करायची होती. सुरुंगवाला दर दोन दिवसांनी येऊन स्फोट करून जायचा आणि फुटलेला दगड काढायचं काम आमचं. बाई झाडाखाली खुर्ची टाकून दिवसभर आमच्यावर लक्ष ठेवायच्या.

त्याच्या महिनाभर आधी दुसऱ्या एका विहिरीवर मी राजाला दहा मिनिटं ब्रेकवर बसवलं होतं. एका हातात ब्रेक, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनमध्ये स्वतःचंच तोंड. भरलेली बकेट सहा फूट घसरली. खाली सावकाश होता. बकेटमधला नारळाएवढा दगड त्याच्या खांद्यावर पडला. डोक्यावर पडला असता तर आमचं दुकान त्याच दिवशी बंद झालं असतं. राजा म्हणाला, "ब्रेकच ढिला आहे, मी काय करू?" मी मिस्त्रींना ब्रेकचा पट्टा बदलायला लावला. पट्टा चांगला होता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

बाईंच्या विहिरीवर तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन असं होतं की लोखंडाला हात लावता येत नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. राजाचे दोन मित्र मोटरसायकलवरून आले होते, म्हणून राजा जरा जास्तच हिंडत होता. काळा गॉगल, पांढरेशुभ्र बूट. विहिरीच्या कामावर पांढरे बूट!

"आई, तू सावलीत बस. ब्रेक मी धरतो," तो म्हणाला.

मला भरून आलं. किती काळजी करतो, असं वाटलं. त्याचा एक मित्र फोन घेऊन त्याचं शूटिंग करतोय, हे मला सावलीत बसल्यावर दिसलं.

जेवायची वेळ झाली होती. मिस्त्री आधीच वर आले होते. खालून सावकाशनं हाक दिली, "वर हात कुणाचा?"

"माझा! राजाचा!" फोनकडे बघत राजा ओरडला.

 मग सावकाशचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा.

"मग मी बसतो."

आणि बसला की हो! काठावरून वाकून पाहिलं तर खाली दगडावर टेकून, पाय पसरून निवांत. बाईंचे दोन गडी फिदीफिदी हसले. राजाचे मित्र हसले. बाई खुर्चीतून म्हणाल्या, "काय रे राजा, तुझ्या राज्यात प्रजा यायला तयार नाही वाटतं!" त्यावर तर धाकटीही हसली, आणि तो फोन सगळं टिपत होता.

राजाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. त्यानं ब्रेक सोडला आणि बाजूला जाऊन उभा राहिला. मी धावत जाऊन ब्रेक धरला, 'माझा' म्हटलं, सावकाश वर आला. त्यानं बकेटमधून पाय बाहेर टाकला नाही तोच मी सुरू झाले.

"भाऊजी, पोराचा चारचौघांत असा पाणउतारा करायची गरज होती? एवढी मिजास? तुम्हालाच कुणीतरी धडा शिकवायला पाहिजे!"

सावकाशनं माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, खांदा अजून दुखतो," एवढंच म्हणाला आणि हात धुवायला गेला.

मी राजाकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता.

संध्याकाळी घरी आल्यावर तो नीट जेवला नाही. "म्हातारा माझ्यावर जळतो," म्हणाला. मी म्हटलं, "जळू दे. तू जेव." मग फोन विहिरीवर राहिला म्हणून मित्राच्या मोटरसायकलवर गेला आणि अर्ध्या तासात शीळ घालत परत आला. मला बरं वाटलं. पोर विसरलं सगळं, असं वाटलं.

आमच्या इंजिनाच्या तेलाच्या झाकणाचे आटे झिजलेत. म्हणून रोज काम संपलं की सावकाश तेल बघतो, कमी असेल तर घालतो, आणि झाकणावर फडकं गुंडाळून गाठ मारतो. अठरा वर्षं हे काम त्याचंच. सकाळी मात्र पहिला सावकाशच खाली उतरतो, मिस्त्री मागून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा खांदा धरला होता म्हणून मिस्त्री आधी उतरले.

तासभर इंजिन चाललं. दहा-बारा बकेटी निघाल्या. मग पहार बोथट झाली म्हणून मिस्त्री ती घेऊन वर यायला निघाले. 'वर हात कुणाचा?' 'माझा.' रोजचंच. बकेट अर्ध्यावर आली असेल, तेवढ्यात इंजिन खडखडलं, दोन-तीन ठोके दिले, काळा धूर सोडला आणि जाम झालं. ड्रमला असा हिसका बसला की माझा हात ब्रेकवरून उडता उडता राहिला. खाली लोखंड दगडावर आपटल्याचा आवाज आला आणि मिस्त्री ओरडले. एकोणतीस वर्षांच्या संसारात त्यांना असं ओरडताना मी ऐकलं नव्हतं.

मी दोन्ही पाय रोवून ब्रेकवर आडवी झाले. "धरलंय!" म्हणून ओरडले. तीस फुटांवर बकेट हेलकावे खात होती. इंजिन बंद असलं तरी ब्रेकवर माणूस खाली सोडता येतो, पण इंचाइंचानं सोडावा लागतो. पट्टा तापून वास यायला लागला. माझे दंड थरथर कापत होते, घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. सावकाश काठावर पालथा पडून सांगत होता, "अजून दहा फूट, वहिनी. सावकाश. अजून पाच. सावकाश." टेकली बकेट. मी तिथंच मटकन बसले.

मग यारीला हँडलं लावून, चार माणसांनी फिरवून त्यांना वर काढलं. उजव्या बरगड्या सुजून आल्या होत्या. श्वास घेतला की तोंड वाकडं होत होतं. मी फडकं सोडलं, झाकण काढलं, तेल डब्यात ओतलं. बोटांत थेंबभर घेऊन चोळलं. वाळू.

कुणी काही बोलायच्या आत राजा पुढे आला.

"तेल कोण घालतं? रोज संध्याकाळी कोण घालतं? विचारा की! काल आईनं झापलं, त्याचा राग काढला. माझ्या बापाला मारायला निघाला होता हा!"

सगळे सावकाशकडे बघायला लागले. तो उभा होता तसाच उभा राहिला.

"मी वाळू घातली नाही," तो म्हणाला. एकदाच.

त्यानं मिस्त्रींकडे पाहिलं. ते बरगड्या धरून डोळे मिटून बसले होते. मग माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होते. बाई म्हणाल्या, "हा जिवाशी खेळ आहे. उद्या सकाळी मी पोलिसांत कळवणार. अशा माणसानं पुन्हा कुणाच्या विहिरीवर पाय ठेवता कामा नये." सावकाशनं आपला घण यारीच्या खांबाला टेकवून ठेवला. अठरा वर्षं तो घण रोज खांद्यावर टाकून घरी न्यायचा. त्या दिवशी रिकाम्या हातानं गेला.

डॉक्टरनं मिस्त्रींच्या छातीला पट्टी आवळून बांधायला सांगितली. बरगडी मोडली नव्हती, तडकली होती. दुपारी घरी मी जुन्या साडीच्या पट्ट्या फाडल्या आणि बांधायला बसले. दोन वेढे, मग गाठ. माझी गाठ म्हणजे दोन फासे, त्यातला एक खालून उलटा घेतलेला. घट्ट बसते आणि एका टोकाला ओढलं की सुटते. माझ्या आईची गाठ ती.

गाठ मारली आणि माझी बोटं तिथंच थांबली.

सकाळी झाकणावरचं फडकं मी एका ओढीत सोडलं होतं. सावकाशची गाठ एका ओढीत कधी सुटतच नाही. तो निरगाठ मारतो. कधी मला सोडावी लागली तर त्याच्या नावानं बोटं मोडत मी ती दातानं सोडते. त्या सकाळी घाईत ध्यानात आलं नाही, पण बोटांना माहीत होतं. आणि ही गाठ मारणारी माणसं या घरात दोनच. धाकटीला ती कधी जमली नाही. राजाला मी पाचव्या वर्षी शिकवली, बुटांच्या नाड्यांसाठी. चारचौघांत नाडी सुटली तर तो रडून आकांत करायचा, म्हणून.

 मिस्त्रींनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. पडून राहा."

राजा अंगणात पायरीवर बसून बूट पुसत होता. मी समोर उभी राहिले.

"फडक्याची गाठ तू मारलीस."

"कसलं फडकं?"

"राजा, ती गाठ माझी आहे."

त्यानं बूट खाली ठेवला. आधी माझ्याकडे हसून पाहिलं, ते त्याचं नेहमीचं हसू, ज्यावर मी आजवर विरघळत आले. मी विरघळले नाही तसं ते हसू गेलं.

"मग काय करायचं होतं? तो व्हिडिओ माहितेय किती जणांनी बघितला? सगळे मला 'मग मी बसतो' म्हणून चिडवतायत! माझी काही इज्जत आहे की नाही?"

"तुझे बाबा लटकले होते तिथं."

"बाबा उतरतील हे मला काय माहीत? रोज तोच म्हातारा आधी उतरतो!"

ऐकलंत? हा त्याचा बचाव होता. म्हणजे सावकाश लटकला असता तर ठीक होतं. त्याला बोलताना त्यात काही वावगं वाटलंच नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली. मारण्याइतकं वैर नव्हतं हो त्याच्या मनात. पण स्वतःचा चेहरा सोडून या जगात दुसरं माणूस आहे, त्याला दुखतं, हे त्याच्या गावीच नव्हतं. आणि असणार कसं? एकोणीस वर्षं मी त्याच्यापुढे आरसा धरून उभी होते.

"आणि तूच म्हणालीस," तो म्हणाला. "त्याला धडा शिकवायला पाहिजे म्हणून. सगळ्यांनी ऐकलंय."

ते मात्र खरं होतं. मी खाली बसले.

"केबल?" मी विचारलं.

तो नाडी ओवायला लागला. म्हणजे तीही.

"तू सांगणार नाहीस," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा आवाज जरा कापला. "आई आहेस तू. सांगितलंस तर मी घर सोडून जाईन."

मी रडले असते तर त्यानं मला गुंडाळलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून रडले नाही.

"जायचं तर जा. पण मग पोलीस तुला शोधत येतील, आणि या वेळी मी उंबऱ्यात आडवी उभी राहणार नाही. राहायचं असेल तर सकाळी सातला विहिरीवर ये. बूट काढून ये."

मी उठले ती तडक सावकाशच्या घरी गेले. तो ओसरीवर बसला होता, खांद्याला गरम पाण्याची पिशवी धरून. मी त्याच्या पाया पडायला वाकले तर त्यानं पाय मागे घेतले. सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला.

"मला रात्रभर आठवत बसावं लागलं असतं," तो शेवटी म्हणाला. "तेलात माझ्याच हातून काही पडलं की काय, ते. बरं झालं आलात."

"भाऊजी, शिक्षा तुम्ही सांगाल ती."

"सावकाश," तो म्हणाला. "सकाळी बघू."

सकाळी सात वाजता बाई होत्या, गडी होते, बरगड्या बांधलेले मिस्त्री होते. आळ जिथं घेतला तिथंच तो धुतला पाहिजे, म्हणून मी यारीच्या बाजूला उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं. वाळू माझ्या मुलानं घातली. त्याला शेफारून मी ठेवला. भाऊजींनी अठरा वर्षांत माझ्या घराचं वाईट केलेलं नाही आणि मी काल मान खाली घालून त्यांना दोषी ठरू दिलं. बोलताना कानशिलं तापली होती. लोकांना ऐकवायची सवय मला, लोकांपुढे ऐकवून घ्यायची नव्हती. पण जीव गेला नाही. उलट मोकळं वाटलं.

राजा आला होता. कुंपणापाशी उभा होता, अनवाणी.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "पोलिसांचं काय करायचं?" त्यांनी सावकाशला विचारलं. "तुमच्यावर आळ आला होता. तुम्ही म्हणाल तसं."

सावकाशनं आपला घण उचलला, तोल बघितला, आणि राजापुढे धरला.

"आज मिस्त्री खाली जाऊ शकत नाहीत. हा उतरू दे," तो म्हणाला. "ब्रेकवर मी."

एवढंच. राजाच्या तोंडाचा रंगच उडाला. बकेटकडे बघितलं, साठ फूट काळोखाकडे बघितलं, मग सावकाशच्या हाताकडे. मला त्याच्या मनातलं पाटीवर लिहिल्यासारखं वाचता आलं. सावकाशच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे त्याला पुरेपूर माहीत होतं, आणि त्याच्या मते जगात सगळे आपल्यासारखेच.

"आई," तो पुटपुटला. "ब्रेक तू धर ना."

काय सांगू! माझा हात आपोआप पुढे गेला. एकोणीस वर्षांची सवय. मी तो मागे घेऊन पदरात गुंडाळला.

"रीत आहे," मी म्हटलं. "तू विचार. भरवसा नसेल तर उतरू नकोस. तुला कुणी का म्हणून विचारणार नाही."

 बाईंचे गडीही हसले नाहीत.  मग त्यानं घण बकेटमध्ये ठेवला, कडेला धरून एक पाय आत टाकला. 

"वर हात कुणाचा?"

"माझा," सावकाश म्हणाला.

त्यानं दुसरा पाय आत टाकला.

सावकाशनं त्याला कसा सोडला ते बघायला हवं होतं. दुखऱ्या खांद्यानं, दोन्ही हातांनी ब्रेक धरून, वितीवितीनं. दोर जराही हलला नाही. अंडं ठेवावं तशी बकेट तळाला टेकली. राजानं आत उतरून वर बघितलं. खालून फक्त ताटलीएवढं आभाळ दिसतं, माणसांचे चेहरे दिसत नाहीत. तिथं कुणाला काही दाखवता येत नाही.

पहिला तास नुसता घणाचा चुकार आवाज येत होता. दगडावर बसतच नव्हता. मग सावकाशनं वरून सांगितलं, "डोळे दगडावर ठेव. दगडाची शीर शोध. जोर नंतर." बऱ्याच वेळानं एक घाव नीट बसल्याचा आवाज आला. काम करणाऱ्याला तो कानानं कळतो. बकेट ओढायला हँडलांवर बाईंचे दोन गडी, धाकटी आणि मी. दिवसभरात नऊ बकेटी निघाल्या. मिस्त्री आणि सावकाश मिळून चाळीस काढतात. पाणी लागलं नाही. ते पुढच्या आठवड्यात लागलं, सत्तर फुटांवर, आणि बाईंची झाडं वाचली.

दुपारचं जेवण खालीच सोडलं. त्यानं वर काढायला सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते मी विचारलं नाही.

ऊन कलल्यावर सावकाश काठावर वाकून म्हणाला, "बस कर आता. वर ये."

खालचा घण थांबला. आम्ही हँडलांना हात घातले. धाकटी माझ्या शेजारी होती. पण फिरवलं कुणीच नाही. कारण येतानाही विचारायचं असतं.

"वर हात कुणाचा?" खालून राजाचा आवाज आला. बसलेला, धुळीनं भरलेला.

"माझा," सावकाश म्हणाला.

खाली बकेट खडखडली.

"मग ओढा, काका."

ओढला. काठावर आला तो ओळखू येत नव्हता. केसांत, भुवयांत, ओठांवर दगडाची पूड. तळहाताचे फोड फुटून मुठी मिटत नव्हत्या. त्यानं बकेटमधून पाय बाहेर टाकला आणि सावकाशपुढे उभा राहिला.  मग सावकाशच्या खांद्याकडे बघत म्हणाला, "अजून दुखतो?"

"दुखतो," सावकाश म्हणाला. "उद्या मळेवाल्याकडे जाऊन ये. केबलचं सांग. मग कामावर ये."

राजानं मान हलवली. आणि मग माझ्याकडे वळला. तो वाट बघत होता. मला माहीत होतं कशाची. तळहात असे किंचित पुढे धरलेले, मला दिसावेत म्हणून. माझी जीभ टाळ्यापाशी नुसती वळवळत होती. शाबास रे माझ्या राजा, किती लागलं रे, असल्या कामाला का जन्मलास तू! सगळं ओठांवर आलं होतं.

"बकेट धुऊन ठेव," मी म्हटलं.

त्यानं धुतली. नीट धुतली नाही. मी परत धुवायला लावली.